फेमटोसेकंदांतलं चुंबकत्व: तालुक्याच्या कॉलेजातून बीमटाइमपर्यंतची तयारी

यवतमाळ, अमरावती, बुलढाण्याकडच्या नाल्यांत पाऊस ओसरल्यावर काळ्या रेतीची पट्टी उरते. तिच्यातून चुंबक फिरवला की बारीक काळे कण दाट चिकटून येतात. बेसाल्ट झिजून मोकळं झालेलं, मॅग्नेटाइटच्या कुळातलं हे खनिज. आता गडचिरोलीतल्या सूरजागडचा दगड घ्या. त्यात लोह भरपूर आहे, पण ते मुख्यतः हेमॅटाइटच्या रूपात असल्याने चुंबकाला तो जेमतेम दाद देतो. मॅग्नेटाइटमध्ये अणूंचे दोन गट परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून असतात आणि एक गट वरचढ ठरतो, म्हणून चुंबकत्व शिल्लक राहतं. हेमॅटाइटमध्ये दोन्ही गट जवळजवळ बरोबरीचे, म्हणून बाकी शून्याजवळ. लोह किती, यापेक्षा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे सूक्ष्म चुंबक, कसे रचलेत यावर सगळं ठरतं.

ही रचना एका लेसर स्पंदाने, म्हणजे प्रकाशाच्या क्षणिक झोताने, किती वेगाने मोडते, हा आपला विषय. १९९६ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे बोरपेर, बिगो आणि सहकाऱ्यांनी निकेलच्या पातळ थरावर ६० फेमटोसेकंदांचे स्पंद मारले (सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेमटोसेकंद) आणि एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे हजार फेमटोसेकंदांच्या, आत चुंबकत्व खूप घटलेलं पाहिलं. एवढ्या लवकर ते घटेल अशी अपेक्षा तेव्हा फारशी कुणाची नव्हती. स्पिनचा कोनीय संवेग इतक्या झटपट जातो कुठे, यावर वाद सुरू झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेसरवर लोहाच्या थराचं मोजमाप झालं. या कोनीय संवेगातला मोठा वाटा काहीशे फेमटोसेकंदांतच स्फटिकाच्या जाळीत उतरतो, असं दिसलं.

विदर्भातल्या तालुक्याच्या ठिकाणी एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. शेवटचा टप्पा बीमटाइमचा, म्हणजे मोठ्या किरणकेंद्रावर प्रयोगासाठी मिळणाऱ्या वेळेचा. कोट्यवधींचा लेसर नाही म्हणून हा विषय आपला नाही, असं मानू नका. या प्रयोगातलं बहुतेक कौशल्य लेसर हाती येण्याआधीच कमवावं लागतं, आणि ते दारव्ह्यात किंवा चिखलीत बसून कमवता येतं.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा, तरंगलांबी नंतर निवडा

लाल किंवा अवरक्त प्रकाशाने चुंबकत्व किती घटलं हे मोजता येतं. त्या प्रकाशाला दोन गोष्टी मात्र कळत नाहीत. मिश्रधातूत लोह आणि निकेल दोन्ही असतील तर कुणाचं चुंबकत्व घटलं हे तो सांगत नाही. शिवाय ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला १०० नॅनोमीटरचे चुंबकी पट्टे वेगळे दिसत नाहीत. लघुतरंग, म्हणजे खूप कमी तरंगलांबीचे, स्पंद लागतात ते या दोन कामांसाठी.

प्रत्येक मूलद्रव्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना उचलायला ठरावीक ऊर्जा लागते. तिला त्या मूलद्रव्याची कडा म्हणतात; इलेक्ट्रॉन कोणत्या कवचातला यावरून ती एम किंवा एल. कोबाल्टची एम कडा सुमारे ६० इलेक्ट्रॉनव्होल्टला, लोहाची ५३ च्या आसपास, निकेलची ६७ च्या आसपास. एल-३ कडा त्याहून बऱ्याच वर: लोह ७०७, कोबाल्ट ७७८, निकेल ८५३. १२४० ला इलेक्ट्रॉनव्होल्टने भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. कोबाल्टची एम कडा म्हणजे २०.७ नॅनोमीटर आणि एल-३ कडा म्हणजे १.६ नॅनोमीटर.

आता प्रश्न लिहा. ‘लोह आधी विस्कटतं की निकेल?’ असा प्रश्न असेल तर एम कडा पुरते. २०१२ साली परमॅलॉय या लोह-निकेल मिश्रधातूवर असंच मोजमाप झालं. निकेल लोहाच्या सुमारे १८ फेमटोसेकंद मागे राहतं, असं त्यात आढळलं. ‘दहा-वीस नॅनोमीटरच्या भिंतीत काय होतं?’ असा प्रश्न असेल तर एल कडेला पर्याय नाही. स्पिन आणि कक्षीय चुंबकत्व वेगळं काढायचं असेल तरीही एल कडाच हवी. तिथे एल-३ आणि एल-२ या दोन कडा एकमेकींपासून नीट सुट्या असतात. एम कडेला तशी फारकत मिळत नाही.

पायरी २: ध्रुवीकरणाचं वळण स्वतः मोजा

फॅरडेने १८४५ साली काचेत पाहिलेला परिणाम या सगळ्या शास्त्राचं मूळ आहे: चुंबकी क्षेत्रातून जाताना प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, वळतं. हा प्रयोग कॉलेजात नक्की करा. आपल्याकडे शेतीपंपांमुळे प्रत्येक तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान असतं. तिथल्या दादाला २२ गेजची एनॅमल तार मागा आणि साधारण २ सेंटिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक नळीवर १० सेंटिमीटर लांबीत ८०० वेढे घालून घ्या. असे पाच-सहा थर तो हातासरशी घालून देतो. दोन अँपिअरला आत सुमारे २० मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं. तार तापते, म्हणून मोजणी झाली की लगेच बंद करा.

नळीत पाणी भरून दोन्ही तोंडांना पातळ काच चिकटवा. एका बाजूने कमी ताकदीचा लाल लेसर आणि पोलरॉइड, दुसऱ्या बाजूला ४५ अंशांवर फिरवलेलं दुसरं पोलरॉइड आणि त्यामागे फोटोडायोड. ४५ अंशच का? कारण तिथे वळणाच्या प्रमाणात तीव्रता सरळ रेषेत बदलते आणि बदलाचं प्रमाण वळणाच्या दुप्पट येतं, वळण रेडियनमध्ये धरून. पाण्यासाठी वळण साधारण ०.४ अंश येईल, म्हणजे तीव्रतेत दीड टक्क्याच्या आसपास फरक. लेसर डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नका आणि तो जिथे संपतो तिथे काळा पुठ्ठा लावा.

दीड टक्का गोंगाटातून बाहेर कसा काढायचा? कुंडलाला साउंड ॲम्प्लिफायरमधून २३७ हर्ट्झचा प्रवाह द्या. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटचं लुकलुकणं १०० हर्ट्झचं; म्हणून त्यांच्या पटीतली वारंवारता टाळायची. फोटोडायोडचा सिग्नल लॅपटॉपच्या माइकमधून घ्या, त्याला २३७ हर्ट्झच्या साइन आणि कोसाइनने गुणा आणि बऱ्याच सेकंदांची सरासरी काढा. लॉक-इन मोजणी म्हणतात ती हीच. महागड्या पेटीत वेगळं काही दडलेलं नसतं. साउंड कार्ड स्थिर व्होल्टेज अडवतं, त्यामुळे प्रकाशाची सरासरी पातळी मल्टिमीटरने वेगळी मोजा.

इथे दोन तपासण्या सोडू नका. लेसर झाका: सिग्नल शून्यावर आला पाहिजे. नाही आला तर कुंडल तारांमध्ये थेट व्होल्टेज पाडतं आहे आणि तुम्ही प्रकाश मोजतच नाही. मग दुसरं पोलरॉइड अधिक ४५ वरून उणे ४५ वर न्या: सिग्नलचं चिन्ह उलटलं पाहिजे. उलटलं नाही, तर जे दिसतंय ते ध्रुवीकरणाचं वळण नाही. पुढे बीमलाइनवर, म्हणजे मोठ्या केंद्रातल्या किरण नमुन्यापर्यंत आणणाऱ्या मार्गावर, चुंबकी सिग्नल खरा की खोटा हे याच दोन कसोट्यांवर ठरवाल: किरण अडवून आणि दिशा उलटवून. रात्री कृषी फीडरवर पंप सुरू असताना दाब हेलकावतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि मोजणी शक्यतो सकाळी उरका.

पायरी ३: तीन तापमानांचं मॉडेल स्वतः लिहा

१९९६ च्या त्या शोधाबरोबरच एक साधं मॉडेल आलं. इलेक्ट्रॉन, जाळी आणि स्पिन यांना तीन वेगळी तापमानं द्यायची, त्यांच्यात ऊर्जेची देवाणघेवाण ठेवायची आणि लेसरची ऊर्जा फक्त इलेक्ट्रॉनांना द्यायची. तीन समीकरणं, पायथॉनच्या जेमतेम ५० ओळी. जुना लॅपटॉपसुद्धा हे सेकंदात सोडवतो.

निकेलसाठी त्या निबंधातलेच आकडे घ्या. इलेक्ट्रॉनांची उष्माधारिता तापमानाच्या प्रमाणात वाढते आणि तिचा गुणक दर घनमीटरला ६००० ज्यूल प्रति केल्विन वर्ग. जाळीची उष्माधारिता दर घनमीटरला २२ लाख ज्यूल प्रति केल्विन. इलेक्ट्रॉन-जाळी देवाणघेवाण ८ गुणिले १० चा १७ वा घात, इलेक्ट्रॉन-स्पिन ६ गुणिले १० चा १७ वा घात आणि स्पिन-जाळी ३ गुणिले १० चा १६ वा घात, एकक वॅट प्रति घनमीटर प्रति केल्विन. वेळेची पायरी ०.१ फेमटोसेकंद ठेवा.

कोडवर विश्वास ठेवण्याआधी हाताने एक हिशेब करा. १५ नॅनोमीटर निकेलने दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिज्यूल ऊर्जा शोषली, म्हणजे दर घनमीटरला सुमारे ६७ कोटी ज्यूल. ती सगळी क्षणभर इलेक्ट्रॉनांतच राहिली असं धरलं तर ३०० केल्विनवरून तापमान ५६० च्या आसपास जातं. इलेक्ट्रॉन मधल्या वेळात काही ऊर्जा देऊन टाकतात, त्यामुळे कोडमधलं शिखर याच्या वर जाता कामा नये. दुसरी कसोटी: स्पंद संपल्यावर तिन्ही ठिकाणची ऊर्जा मिळवून स्थिर राहते का पाहा. घसरत असेल तर चूक गणितात आहे, निकेलमध्ये नाही.

या मॉडेलवरून खूप शिकता येतं, पण त्याला डोक्यावर बसवू नका. कोनीय संवेग कुठे गेला हे त्यात मुळात विचारलेलंच नाही. २०१० साली कोपमान्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं सूक्ष्म रूप मांडलं. त्याच वर्षी बात्तियातो, कारवा आणि ओपेनेअर यांनी स्पिन थरातून धावत बाहेर पडतात ही वेगळी वाट सुचवली. पहिलं मॉडेल चाललं की हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचा. नॅनोमीटरच्या पट्ट्यांचं अनुकरण करायचं असेल तर ‘ऊमफ’ ही सूक्ष्मचुंबकी प्रणाली मोफत मिळते आणि साध्या संगणकावर चालते.

पायरी ४: नमुना

सुरुवातीला कोबाल्ट आणि प्लॅटिनमचे आलटून-पालटून दिलेले थर घ्या. एकेक थर साधारण नॅनोमीटरभर जाडीचा. अशा थरांत चुंबकत्व पृष्ठभागाला लंब उभं राहतं आणि वर-खाली तोंडाचे नागमोडी पट्टे आपसूक तयार होतात. लघुतरंग किरण काचेतून जात नाहीत, म्हणून नमुना काही दहा नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन नायट्राइड पडद्यावर स्पटरिंगने (धातूचे अणू उडवून थर बसवण्याच्या पद्धतीने) चढवावा लागतो. त्यासाठी स्पटरिंग यंत्र असलेल्या प्रयोगशाळेशी सहकार्य जुळवा. एकाच वेळी पाच-सहा नमुने करून घ्या, कारण पडदे फुटतात. शेजारी एक तुकडा साध्या सिलिकॉनवरही चढवून ठेवा. साधी चुंबकी मापनं त्यावर होतील.

दुसरा महत्त्वाचा नमुना म्हणजे गॅडोलिनियम-लोह-कोबाल्ट. शुद्ध गॅडोलिनियमचं क्युरी तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यात तो लोहचुंबक राहतच नाही. मिश्रधातूत मात्र लोहाशी असलेलं बंधन त्याला शिस्तीत ठेवतं, तेही उलट दिशेने. २००७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या गटाने याच मिश्रधातूत केवळ वर्तुळाकार ध्रुवित लेसरने चुंबकत्व उलटवून दाखवलं. २०११ मध्ये बर्लिनच्या बेसी सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉनांकडून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) मूलद्रव्यनिहाय मोजणी झाली. लोह गॅडोलिनियमच्या बरंच आधी उलटतं आणि मधल्या काळात दोघं क्षणभर एकाच दिशेने उभे असतात, असं तिच्यात दिसलं. नाल्यातल्या मॅग्नेटाइटची रचना समजली असेल तर हा प्रयोग परका वाटणार नाही: दोन विरुद्ध गट आणि प्रत्येकाचा वेग वेगळा.

पायरी ५: स्पंद आणायचे कुठून

दोन मार्ग. पहिला टेबलावरचा: ८०० नॅनोमीटरचा सुमारे ३० फेमटोसेकंदांचा स्पंद निऑन किंवा अरगॉन वायूत केंद्रित करायचा आणि त्याचे विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या विषम पटींतला प्रकाश, मिळवायचे. १९८७ साली आन लुइलिए यांनी फ्रान्समध्ये याची पायाभरणी केली. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना पिअर अगोस्तिनी आणि फेरेन्त्स क्राउस यांच्यासह मिळालं ते याच वाटेने पुढे गेलेल्या, ॲटोसेकंद (फेमटोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंद निर्माण करण्याच्या प्रायोगिक पद्धतींसाठी.

हार्मोनिक कुठपर्यंत पोहोचतील याचा हिशेब करता येतो. वायूची आयनन ऊर्जा, अधिक इलेक्ट्रॉनच्या डोलण्याच्या सरासरी ऊर्जेच्या ३.१७ पट. निऑनची आयनन ऊर्जा २१.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ३ गुणिले १० चा १४ वा घात वॅट असेल तर डोलण्याची ऊर्जा सुमारे १८ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते आणि मर्यादा ७८ च्या जवळ. लोह, कोबाल्ट, निकेल तिघांच्याही एम कडा यात बसल्या. मूळ फोटॉन १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, त्यामुळे ३९ वा हार्मोनिक ६० वर येतो, नेमका कोबाल्टवर. उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला २०० नॅनोमीटरच्या आसपासचा ॲल्युमिनियमचा पडदा लावतात. तो सुमारे ७२ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच जाऊ देतो, त्यामुळे निकेल थोडक्यात आत बसतं. पुढचं सगळं निर्वातात, कारण हवा हे किरण गिळते.

दुसरा मार्ग मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरचा, म्हणजे प्रवेगकातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांकडून स्पंद मिळवणाऱ्या मोठ्या यंत्रांचा: हॅम्बुर्गचा फ्लॅश, इटलीत त्रिएस्तेचा फर्मी, जपानचा साक्ला, हॅम्बुर्गजवळचा युरोपियन एक्सएफईएल. स्पंद कैकपटींनी तेजस्वी, एल कडा आवाक्यात, एका स्पंदात पूर्ण विवर्तन चित्र घेण्याची शक्यता. नवख्याने एम कडेचा प्रयोग करायचा असेल तर मी फर्मी सुचवेन. बाहेरच्या लेसरने तो बीजारोपित असल्याने वेळेची थरथर कमी असते आणि वर्तुळाकार ध्रुवीकरण थेट मिळतं.

भारतात तयारीची ठिकाणं आहेत. विदर्भाला सर्वांत जवळचं सिंक्रोट्रॉन इंदूरला राजा रामण्णा केंद्रात आहे, इंडस-१ आणि इंडस-२. त्यांचे स्पंद फेमटोसेकंदांचे नाहीत, पण मूलद्रव्याच्या कडेवर शोषण मोजणं आणि बीमलाइनची शिस्त तिथे शिकता येते. दृश्य लेसरवरच्या अतिवेगवान केर परिणामाचं (चुंबकी पृष्ठभागावरून परावर्तन होताना ध्रुवीकरण वळण्याचं) काम कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्रात चालतं. विज्ञान अकादमीच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना असे गट नावानिशी निवडा.

पायरी ६: भूमिती कागदावर मांडा

पट्ट्यांची आवर्तता २०० नॅनोमीटर आणि तरंगलांबी २०.७ असेल तर विवर्तनाचा कोन ५.९ अंश येतो. नागमोडी पट्ट्यांना ठरावीक दिशा नसते, म्हणून डिटेक्टरवर ठिपके न पडता गोल कडं (रिंग) पडतं. डिटेक्टर ५ सेंटिमीटरवर ठेवला तर कड्याची त्रिज्या ५.२ मिलिमीटर. साडेसत्तावीस मिलिमीटर रुंद सीसीडी कॅमेऱ्यावर ते आरामात मावतं. २० सेंटिमीटरवर ठेवला तर बाहेर जातं. आता तेच एल-३ कडेला करा: कोन ०.४६ अंशावर उतरतो, ५ सेंटिमीटरवर कडं अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येऊन मधल्या किरणरोधकामागे लपतं. त्यासाठी मीटरभर अंतर लागतं.

पंप स्पंदाची, म्हणजे नमुना तापवणाऱ्या स्पंदाची, ऊर्जाही आधीच काढा; त्यामागून चित्र घेणारा स्पंद म्हणजे प्रोब. ठिपका ३०० मायक्रोमीटर व्यासाचा आणि दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिज्यूल हवे असतील तर लागतात फक्त ७ मायक्रोज्यूल. पंपाचा ठिपका प्रोबच्या दोन-तीन पट मोठा ठेवा, म्हणजे प्रोबला सारखाच तापलेला भाग दिसेल.

पायरी ७: वेळेचा शून्य शोधा

रात्री वीज चमकली की वाऱ्याने झोडपलेलं झाड क्षणभर थबकलेलं दिसतं. पंप-प्रोब पद्धत याच न्यायाने चालते. पंप घटना सुरू करतो, ठरावीक उशिराने येणारा प्रोब तिचं एक चित्र घेतो. उशीर बदलत नेला की चित्रं जोडून पूर्ण घटनाक्रम मिळतो. उशीर बदलायला आरसा सरकवतात. आरसा १ मायक्रोमीटर हलला की प्रकाशाची वाट जाऊन-येऊन २ मायक्रोमीटरने बदलते, म्हणजे ६.७ फेमटोसेकंद.

पंप आणि प्रोब एकाच वेळी येतात तो क्षण दोन टप्प्यांत सापडतो. आधी जलद फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोपने शेकडो पिकोसेकंदांपर्यंत या, मग नमुन्याच्या जागी असा पदार्थ ठेवा ज्याचं परावर्तन पंपाबरोबर तात्काळ बदलतं. रात्रपाळीत सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरवर प्रत्येक स्पंदाची वेळ थोडी पुढेमागे होत असते, त्यासाठी तिथे वेगळं वेळमापक यंत्र असतं. त्याची नोंद प्रत्येक चित्रासोबत साठवली जाते का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

पायरी ८: मोजणी

प्रत्येक उशिराला चार मोजण्या: क्षेत्र एका दिशेला आणि उलट, पंप सुरू आणि बंद. दोन दिशांच्या फरकात चुंबकत्व असतं, बेरजेत बाकीचं सगळं. उशीर ओळीने वाढवू नका, उलटसुलट क्रमाने घ्या. नाहीतर लेसरची तासाभराची घसरण आणि चुंबकत्वाची घट एकमेकींत मिसळतील आणि मग काही केल्या सुटणार नाहीत. पंप लावण्याआधी स्थिर चुंबकी वक्र (क्षेत्र बदलताना चुंबकत्व कसं बदलतं तो) मोजा, प्रयोग संपल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही जुळले नाहीत तर नमुना जळला आहे.

पायरी ९: विश्लेषण

एक चूक इथे वारंवार दिसते. विवर्तनाच्या कड्याची तीव्रता चुंबकत्वाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तीव्रता ३६ टक्क्यांवर आली तर चुंबकत्व ६० टक्क्यांवर आहे, ३६ वर नाही. प्रत्येक चित्राला आधी त्या स्पंदाच्या मूळ तीव्रतेने भागा, मग वर्गमूळ घ्या. कड्याची त्रिज्या पट्ट्यांची आवर्तता सांगते, जाडी सांगते पट्टे किती अंतरापर्यंत एकमेकांना धरून आहेत. २०१२ साली फ्लॅशवर केलेल्या प्रयोगात पंपानंतर काहीशे फेमटोसेकंदांत कड्याचा आकार बदलला. चुंबकत्व कमी होण्यासोबत पट्ट्यांमधल्या भिंतीही रुंदावतात, हा अर्थ तिथून निघाला.

वेळेच्या वक्रावर घट आणि सावरणं अशी दोन घातांकी फलनं बसवा, आणि ती यंत्राच्या वेळ-विभेदनाशी गुंफूनच बसवा. विभेदन ६० फेमटोसेकंद असताना घट २० फेमटोसेकंदांची लिहू नका. परावर्तनातून मोजत असाल तर एकाच कोनावर विसंबू नका: इलेक्ट्रॉनांची पुनर्मांडणी आणि शेजारच्या मूलद्रव्याची कडा मिळून असा सिग्नल देऊ शकतात की चुंबकत्व वाढल्यासारखं वाटावं. दोन कोन किंवा दोन ऊर्जा घेतल्या की हे उघडं पडतं.

पायरी १०: बीमटाइमचा अर्ज

निष्कर्ष प्रसिद्ध करणार असाल तर या केंद्रांवर किरणवेळेचे पैसे लागत नाहीत. अर्जाची तज्ज्ञांकडून छाननी होते. एकट्याने अर्ज करू नका, त्या बीमलाइनच्या शास्त्रज्ञाला महिना-दोन महिने आधी पत्र लिहा. त्यात प्रस्तावना नको. प्रश्नाची एक ओळ, नमुन्याचा स्थिर चुंबकी वक्र, पायरी ६ मधले कोन, अंतर आणि ऊर्जा, मॉडेलमधून आलेला अपेक्षित वक्र, आणि लागणाऱ्या पाळ्यांचा हिशेब: एका उशिराला किती मिनिटं, किती उशीर, नमुना बदलायला किती वेळ. हिशेबात निम्मी पाळी शून्य शोधण्यासाठी आणि एक पूर्ण पाळी बिघाडासाठी धरा. अर्ज वाचणारे आधी हाच तक्ता पाहतात, आणि तो नीट असेल तर कॉलेज तालुक्याचं की महानगराचं हे त्यात कुठेच येत नाही.